म्हैस विकून रायफल घ्यावी का?

मागच्या खेपेला विहिरीवरच्या मोटारीची निगा कशी राखावी ते लिहिले होते. या खेपेला एका ताईंचे पत्र घेतो. रानाला लागून असलेल्या गावाहून ते आले आहे. नाव-गाव छापू नका अशी त्यांची विनंती आहे, म्हणून मजकूर तेवढा देतो.

"आमचे सहा एकर रान डोंगराच्या पायथ्याला आहे. दीड एकर मका आणि अर्धा एकर भुईमूग रानडुकरांनी दोन रात्रींत उलथून टाकला. सासऱ्यांच्या नावावर ३१५ची रायफल आहे, १९८८ साली घेतलेली, सरकारी कारखान्याची. सासरे आता चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, रात्री रानात जात नाहीत. आमचे मालकच ती घेऊन जागलीला जातात. ते म्हणतात रायफल जुनी झाली, नेम धरला की गोळी हातभर बाजूला जाते. शहरातला दुकानदार नवी घ्या म्हणतो. घरात पैसा नाही, म्हणून दुभती म्हैस विकायचे चालले आहे. डेअरीचे पैसे त्या म्हशीवर येतात आणि त्यातून दोन्ही पोरांच्या शाळेचे भागते. मी काही बोलले तर तुला बंदुकीतले काय कळते म्हणतात. तुम्ही लष्करात बंदुका दुरुस्त करीत होता असे एकदा लिहिले होते. स्वस्तातली आणि नेमाची रायफल कोणती, ते खरे सांगा."

ताई, लष्करात बावीस वर्षे मी आर्मोरर होतो, म्हणजे हत्यारांचा मिस्त्री. तुमच्या मालकांनाही हे वाचून दाखवा. त्यांचा राग मला समजतो. हाताशी आलेले पीक सकाळी उलथलेले पाहिले की माणसाचे डोके ठिकाणावर राहत नाही. पण डोके ठिकाणावर नसताना बाजारात जाऊ नये, मग बैल घ्यायचा असो की बंदूक.

आधी कायद्याचे

सर्वात आधी एक गोष्ट, कारण ती आज रात्रीपासून पाळायची आहे. परवाना सासऱ्यांच्या नावावर आहे. तुमच्या मालकांनी एकट्याने ती रायफल घेऊन रानात जाणे हा १९५९च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. घरचीच बंदूक आहे, बापाचीच आहे, हे कोर्टात चालत नाही. दुरुस्तीला किंवा परवान्याच्या नूतनीकरणाला नेतानासुद्धा परवानेवाला बरोबर असावा लागतो, नाहीतर त्याची लेखी चिठ्ठी जवळ असावी लागते.

यावर वाट आहे. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारकाने वयाची सत्तर वर्षे पूर्ण केली, किंवा हत्यार त्याच्याकडे पंचवीस वर्षे झाली, तर ते वारसाच्या नावावर करण्यासाठी अर्ज करता येतो. तुमच्या सासऱ्यांच्या बाबतीत दोन्ही गोष्टी पुऱ्या झाल्या आहेत. अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे करायचा. पोलिसांची चौकशी होते, डॉक्टरचा दाखला लागतो, हत्यार सुरक्षित हाताळण्याचे शिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. वेळ लागतो, पण यात म्हैस विकावी लागत नाही.

दुसरी गोष्ट रानडुकराची. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेची शिकार बंद झाली. दुकानात अजून "शिकारीची रायफल" म्हणतात. नाव उरले आहे, शिकार उरलेली नाही. उभ्या पिकाला धोकादायक झालेले रानडुक्कर मारायचे तर त्याच कायद्याच्या ११व्या कलमाखाली वनखात्याच्या अधिकाऱ्याचा लेखी हुकूम लागतो. बंदुकीचा परवाना म्हणजे तो हुकूम नव्हे. हे दोन निराळे कागद आहेत आणि दोन्ही लागतात. हुकूम घेऊन मारलेले जनावरही सरकारचे असते, ते चुलीवर चढवायचे नसते.

तिसरी गोष्ट नव्या परवान्याची, इतर वाचकांसाठी. पीक राखण्याकरता कायदा मुख्यतः ठासणीची बंदूक धरतो, आणि ती पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला पटले तर काडतुसाची गुळगुळीत नळीची बंदूक देतो. रायफलीसाठी वेगळे सबळ कारण दाखवावे लागते. म्हणून परवाना हातात येण्याआधी दुकानदाराला विसार देऊ नका.

रायफल आणि बारा बोर

बऱ्याच घरांत दोन्हींना बंदूकच म्हणतात, पण त्यांत फरक आहे. बारा बोरची नळी आतून गुळगुळीत असते. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बसेल ती बारा बोर, असा तो जुना हिशेब आहे. तिच्यातून छर्रे उडतात. मोठे छर्रे तीस-पस्तीस मीटरपर्यंत कामाचे, त्यापुढे ते पांगतात.

रायफलीच्या नळीत पीळदार खाचा असतात. गोळी त्या पिळातून फिरत बाहेर पडते, म्हणून ती भोवऱ्यासारखी स्थिर राहते आणि नेमाने लांब जाते. "बोल्ट अ‍ॅक्शन" म्हणजे हाताने दांडी वर करून मागे ओढायची, रिकामे काडतूस बाहेर, पुन्हा पुढे ढकलून दांडी खाली, नवे काडतूस आत. दाराच्या कडीसारखे काम आहे. यात भाग थोडे असतात, बिघाड थोडा होतो, आणि बोल्ट घट्ट बसत असल्याने नेम चांगला राहतो. साध्या माणसाला परवडणारी आणि नेमाची रायफल म्हटली की जगभर बोल्ट अ‍ॅक्शनच पुढे येते, ते याच कारणाने.

आपल्या देशात परवान्यावर सहसा तीन जातींच्या बोल्ट अ‍ॅक्शन रायफली दिसतात. पहिली .२२, ही नेमबाजीच्या सरावाची. रानडुकरासाठी ती नाही. तिने जनावर जखमी होऊन पळते, आणि जखमी रानडुक्कर दुसऱ्या दिवशी गवत कापणाऱ्या बाईच्या अंगावर येते. दुसरी ३१५, म्हणजे आठ मिलिमीटरची. लष्कराची .३०३ सामान्य नागरिकाला मिळत नाही, म्हणून त्याच ली-एन्फिल्ड घडणीवर ही निराळ्या काडतुसाची रायफल निघाली. बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी रायफल कारखान्याने ती पिढ्यान्‌पिढ्या बनवली. तिची काडतुसे आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात होतात. २०२१ साली सरकारी कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या, तेव्हा ईशापूर आणि खडकी वेगवेगळ्या कंपन्यांत गेले, एवढाच फरक. तिसरी .३०-०६, मूळ अमेरिकी लष्कराने १९०६ साली घेतलेले काडतूस. ही ३१५पेक्षा जोरकस आहे आणि खर्चिकही.

परदेशी जुन्या रायफली फार नामांकित म्हणून सांगतात. १९८०च्या दशकापासून सामान्य माणसाला बाहेरून हत्यार मागवण्याची वाट बंद झाली. त्यामुळे आधी देशात आलेल्या तेवढ्याच हातोहात फिरतात आणि त्यांची किंमत नावाला असते. पीक राखणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये. मिस्त्री आणि काडतूस जवळ मिळेल ती रायफल आपली.

हातभर बाजूला का जाते?

आता मालकांच्या तक्रारीकडे येतो. माझ्या बाकावर "नेम गेला" म्हणून आलेल्या रायफलींपैकी नळी खरोखर संपलेल्या थोड्याच असत. बाकीच्यांची दुखणी साधी होती. नवीन घेण्याआधी ही तपासणी करा. सेकंडहँड घेणाऱ्यानेही हीच करावी. सुरुवातीला मॅगझीन काढा, बोल्ट मागे ओढा, आत काडतूस नाही हे डोळ्याने पाहा आणि बोट घालून पाहा. मगच पुढे जा.

एक, स्क्रू. नळी आणि लाकडी दस्ता यांना धरणारे स्क्रू उन्हापावसात सैल होतात. दस्ता हाताने हलला तर नेम राहणार नाही. खिळखिळ्या जोखडाने सरळ नांगरट होत नाही, तसेच हे.

दोन, लाकूड. दहा-वीस पावसाळे पाहिलेले लाकूड पिळते आणि नळीला एका बाजूने दाबते. दस्त्याला तडा आहे का, मागच्या बाजूला तेल मुरून लाकूड मऊ झाले आहे का, ते पाहा.

तीन, माशी. नळीच्या टोकावरची माशी रायफल पडल्याने सरकते. गोळी ज्या बाजूला जाते त्याच बाजूला माशी सरकवली की गोळी मध्यावर येते. गोळी डावीकडे जात असेल तर माशी डावीकडे. हे काम परवानाधारक मिस्त्रीकडून करवून घ्या, घरी हातोडी घेऊन बसू नका.

चार, नळी. बोल्ट काढून मागून उजेडाकडे पाहा. पीळ स्वच्छ आणि धारदार दिसले तर नळी जिवंत आहे. काळे चट्टे दिसले तर आधी सळईने नीट साफ करून पुन्हा पाहा. मळ निघतो, गंजाचे खड्डे निघत नाहीत. जुन्या साठ्यातल्या काडतुसांच्या टोपीतला मसाला नळीला गंज आणतो. लष्करात आम्ही बार काढल्यावर नळीतून उकळते पाणी ओतून, कोरडी करून, मग तेल लावत असू. आणि बार काढण्यापूर्वी ते तेल पुसून काढायचे, नाहीतर पहिली गोळी भलतीकडे जाते.

पाच, नळीचे तोंड. गोळी तिथून बाहेर पडते. रायफल तोंडावर उभी करून ठेवायची सवय असेल तर तिथली कड झिजते किंवा ठेचते. एवढ्याशा ठेचेनेही गोळी बाजूला जाते. मिस्त्री ती कड पुन्हा साफ करून देऊ शकतो.

सहा, बोल्ट. या घडणीत बोल्ट त्या-त्या रायफलीला बसवलेला असतो. बोल्टवरचा आणि रायफलीवरचा नंबर एकच आहे का पाहा. नंबर वेगळे असतील तर मिस्त्रीने गेज लावून पाहिल्याशिवाय बार काढू नका. उडवलेल्या काडतुसाच्या बुडाजवळ चकाकती रेघ किंवा चीर दिसली तर रायफल ताबडतोब बाजूला ठेवा. तो नेमाचा प्रश्न नाही, डोळ्याचा आणि हाताचा आहे.

सात, काडतुसे. सासऱ्यांनी ट्रंकेत ठेवलेली जुनी, हिरवी पडलेली काडतुसे घेऊन कोणी नेम तपासू नये. एकाच पेटीतली नवी घ्या. "आठ एमएम" नावाची दुसरीही काडतुसे जगात आहेत. आपल्या रायफलीवर लिहिलेलेच घ्या.

हे झाल्यावर मोठ्या बोअरला परवानगी असलेल्या रायफल क्लबच्या मैदानावर न्या. परवाना बदलेपर्यंत सासऱ्यांनी बरोबर जावे आणि बार त्यांनीच काढावा. वाळूच्या पोत्यावर रायफल टेकवून ५० मीटरवर तीन गोळ्या सावकाश सोडा, दर गोळीनंतर नळी निवू द्या. तिन्ही गोळ्या लहान वाटीच्या तोंडाएवढ्या, म्हणजे दोन-अडीच इंचांच्या जागेत पडल्या, तर तुमच्या कामाला ती रायफल पुरेशी नेमाची आहे. मग त्या तीन छिद्रांचा झुपका मध्यावर नसून बाजूला असला तरी काळजी नाही, माशी सरकवली की काम झाले. झुपकाच होत नसेल, एक इकडे एक तिकडे जात असेल, आणि वरच्या सातही गोष्टी ठीक असतील, तेव्हा नळी गेली म्हणा.

रानात चाळीस-पन्नास मीटरच्या पुढे रात्री काही धड दिसत नाही. तेव्हा याहून जास्त नेमाच्या रायफलीला आणि वरच्या दुर्बिणीला दिलेला पैसा हौसेचा आहे, पिकाचा नाही.

गोळी कुठे थांबते?

दुकानदार जे सांगत नाही ते आता सांगतो. ३१५ची गोळी सुमारे सोळा ग्रॅमची असते. चुकली तर ती दोन किलोमीटरच्याही पुढे जाते. साध्या .२२ची गोळीही दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. मोठे छर्रे काही शे मीटरांत खाली येतात. सपाट रानात, पलीकडे वस्ती, रस्ता, दुसऱ्याची जागल असताना रायफल वापरणे म्हणजे अंधारात भर बाजारात दगड भिरकावणे. तुमचे रान डोंगराच्या पायथ्याला आहे. तोंड डोंगराकडे असेल आणि मागे मातीचा चढ असेल तरच रायफलीचा विचार. वस्तीकडे तोंड करून कधीच नाही.

माझे चुलते ३१५ बाळगून होते. १९९७ साली, मी नुकताच पेन्शनीत आलो होतो तेव्हाची गोष्ट. माळ्यावर बसले होते, ज्वारी कमरेच्या वर आलेली, चांदणे अर्धे. पाटाजवळ काळे काहीतरी हलले, वाकलेले, मातीत तोंड घातलेले. त्यांनी बोल्ट पुढे केला, माशी त्यावर आणली. चापावर बोट होते. रात्रभर थंडीत बसल्याने त्यांना खोकला आला. ते काळे उठून उभे राहिले आणि म्हणाले, "कोण, अण्णा का?" शेजारच्या रानातला सतरा वर्षांचा पोरगा होता, पाण्याचे दार फोडायला आला होता. अंगावर घोंगडी होती.

चुलते खाली उतरले. त्यांनी बोल्ट काढून खिशात घातला. त्या दिवसापासून मरेपर्यंत घरात रायफल एका कपाटात आणि बोल्ट दुसऱ्या पेटीत असे. रात्रीच्या अंधारात त्यांनी पुन्हा कधी बार काढला नाही. तो पोरगा आता दोन मुलांचा बाप आहे. मला तो बांधावर भेटला की मी अजूनही त्याच्या हाताकडे पाहतो, विजेरी आहे की नाही म्हणून.

ताई, हा सगळा फरक एका खोकल्याचा होता. रायफल चुलत्यांची चांगली होती आणि नेमही चांगला होता.

मग करावे काय?

क्रमाने सांगतो. नुकसान झाले की तीन दिवसांच्या आत जवळच्या वन कार्यालयात लेखी कळवा, पंचनामा करून घ्या, सातबारा आणि फोटो जोडा. भरपाई पुरी पडत नाही हे मला माहीत आहे. तरी मागून घ्यावी. त्याच कागदावर पुढे ११व्या कलमाच्या हुकमाची मागणी उभी राहते.

शेजारच्या चार-पाच घरांनी मिळून जागल वाटून घ्यावी. कोणत्या रात्री कोण रानात आहे आणि पाण्याला कोण जाणार आहे, हे सांजेला एकमेकांना कळलेच पाहिजे. सौर कुंपणाला वनखात्याची मदत मिळते का, ते वनरक्षकाला विचारा. सौर कुंपणाचा झटका क्षणभराचा असतो, तो जनावराला हटवतो, मारत नाही. खांबावरची लाईन मात्र तारेत कधीही सोडू नका. त्यात डुकराआधी माणूस मेलेला आहे, आणि सोडणारा तुरुंगात गेलेला आहे. गावठी बॉम्बचेही तेच, त्याने आपल्याच गाईचा जबडा फुटतो.

सासऱ्यांच्या रायफलीचा वारसाचा अर्ज लगेच भरा. तोवर ती मिस्त्रीकडून तपासून घ्या. स्क्रू, माशी, सफाई आणि एक पेटी काडतुसे, एवढा खर्च नव्या रायफलीपुढे फार थोडा आहे. तुम्ही विचारता स्वस्तातली आणि नेमाची कोणती. बहुतेक ती तुमच्याच घरात भिंतीला टांगलेली आहे. नळी संपलीच असे मिस्त्रीने सांगितले, तर मग वर्षभराने, हातात पैसा आल्यावर, नव्याचा विचार करा. आणि तुमच्या रानापलीकडे वस्ती असेल तर रायफलीऐवजी बारा बोरचा.

भिंतीवर मात्र टांगू नका. घरात पोरे आहेत. रायफल कुलपात, बोल्ट वेगळ्या कुलपात, काडतुसे तिसरीकडे. किल्ल्या तुमच्या दोघांखेरीज कोणाला ठाऊक नसाव्यात.

आणि ताई, बंदुकीतले काय कळते असे मालक पुन्हा म्हणाले तर त्यांना एवढेच विचारा, की बोल्टवरचा नंबर रायफलीच्या नंबराशी जुळतो का. त्यांनी पाहिला नसेल तर दोघे मिळून, सासऱ्यांना जवळ बसवून, दिवसाउजेडी पाहा. म्हैस दावणीलाच राहू द्या. दूध सकाळ-संध्याकाळ येते. रानडुक्कर हंगामात येते.

तपासणीत काय निघाले ते मला कळवा. पुढच्या खेपेला पावसाळ्याआधी धान्याच्या कणगीची तयारी. रामराम.